कोठे उतरलात? : मुंबईच्या मुक्कामाचा थोडा इतिहास

परगावाहून आलेल्या मनुष्यास भेटीच्या पहिल्या दोन वाक्यांतच "कोठे उतरलात?" असे विचारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घोड्यावरून, पालखीतून, गाडीतून वा आगबोटीतून खाली येणे ते उतरणे. आणि रात्रीपुरते बिऱ्हाड करणे तेही उतरणेच. प्रवासी तो उतारू, आणि त्याची सोय तो उतारा. एकाच क्रियापदात प्रवासाचा शेवट आणि आश्रयाचा प्रारंभ अशा दोन गोष्टी भाषेने बांधून टाकल्या, याचे कारण उघड आहे. जुन्या काळी कोठे जावयाचे हे ठरले की कोठे उतरावयाचे हे बहुधा आपोआप ठरलेले असे. त्यात निवड अशी फारशी नव्हती. निवडीचा प्रश्न उपस्थित केला तो मोठ्या शहराने, आणि मराठी माणसापुरते बोलावयाचे तर तो मुंबईने. हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही, असे आम्हांस वाटते.

मुंबईपूर्वीची स्थिती समजण्यास विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवृत्तासारखे दुसरे साधन नाही. पेणजवळील वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाला तो दक्षिणेच्या आशेने, आणि सापडला बंडाच्या धुमाळीत. त्याचे पुस्तक १९०७ साली छापून निघाले, तेव्हा वाचकांचे लक्ष अर्थातच झाशीकडे गेले. परंतु तेच पुस्तक केवळ मुक्कामांच्या दृष्टीने वाचून पाहावे. भटजींचा उतारा म्हणजे कोणा ओळखीच्या ब्राह्मणाचे घर, कोणा सरदाराचा वाडा, नाही तर देवालय वा धर्मशाळा. पैसे देऊन खोली घेणे ही कल्पना त्या जगात जवळजवळ नाहीच. जात, गोत्र, गाव आणि ओळख हेच त्याचे चलन होते, आणि ते हिंदुस्थानभर वटत असे. ज्याच्यापाशी ते चलन नव्हते, त्याने रात्री काय केले हे सांगणारे प्रवासवृत्त मात्र त्या काळातून आपल्यापर्यंत आलेले नाही.

धर्मशाळा ही संस्था तीर्थक्षेत्रांच्या गरजेतून वाढली. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या १७६७ ते १७९५ च्या कारकिर्दीत काशीपासून रामेश्वरापर्यंत जे घाट, देवालये आणि धर्मशाळा बांधल्या, त्यांचा अभिमान इंदूरकरांनीच काय, सर्वांनी बाळगावा असा आहे. पण तीर्थाचे गणित वेगळे असते. तेथे यात्रेकरू पर्वकाळी येतो, स्नान-दर्शन उरकतो, क्षेत्रोपाध्याय त्याची वंशावळ उघडून त्याला ओळखतो, आणि दोन-तीन रात्रींनी तो परततो. मुंबई हे तीर्थ नव्हे. तेथे मनुष्य दाव्यासाठी, परीक्षेसाठी, औषधोपचारासाठी, मालाच्या खरेदीसाठी येतो, आणि काम कधी संपेल याची त्याला शाश्वती नसते. येथे त्याची वंशावळ कोणाच्या वहीत लिहिलेली नसते. धर्मशाळेच्या साच्यात ही गरज पुरती बसेना.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईने हा जनप्रवाह कसा ओढून घेतला ते सर्वश्रुत आहे. १८४५ साली जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय, १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी, १८५७ साली विद्यापीठ, १८६२ साली हायकोर्ट. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली खुला झाला तेव्हा पुण्याचा मनुष्य डोंगर पायी वा डोलीतून न ओलांडता मुंबईस पोहोचू लागला, आणि १८६४ साली गुजराथची लोहमार्गाची वाटही मुंबईस येऊन मिळाली. त्यातच अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला. १८६४ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. कापसाचा फुगा फुटल्यावर १८७२ साली ती ६,४४,४०५ वर उतरली. गोविंद नारायण माडगांवकरांचे «मुंबईचे वर्णन» १८६३ साली, म्हणजे नेमके या ऐन भरात प्रसिद्ध झाले. शहराचे असे सविस्तर वर्णन मराठीत लिहावेसे वाटावे, यातच नवागताची गरज किती वाढली होती हे दिसते.

कोणत्या दिशेने आलात यावर कोठे उतरणार हे पुष्कळ अंशी ठरे. घाटावरचा मनुष्य बोरीबंदरास उतरे, कोकणातला भाऊच्या धक्क्यावर, बडोद्या-सुरतेचा ग्रँट रोडच्या बाजूस. १९३० सालच्या अखेरीस बॉम्बे सेंट्रल झाल्यावर आमच्या बडोदेकरांचे तेच प्रवेशद्वार झाले. या साऱ्यांच्या मधोमध गिरगाव. कोर्ट जवळ, कॉलेजे जवळ, नाटकगृहे जवळ, समुद्र जवळ आणि बोलणे मराठी. गिरगावास मराठी मुंबईचे माहेरघर म्हणण्याची चाल आहे. आमच्या मते ते मराठी उतारूचे आजोळही होते. मावशीचे दीर, चुलत्यांचे साडू, गावच्या शेजाऱ्यांचे जावई यांपैकी कोणी ना कोणी तेथील एखाद्या चाळीत असेच. ट्रंक आणि वळकटी घेऊन पाहुणा जिना चढला की दीड खोलीच्या संसारात त्याची पथारी गॅलरीत पडे. सकाळी नळावरची पाळी, शौचकूपापुढची रांग, आणि बाईच्या चेहऱ्यावरचे ते न बोलता सांगणे की "किती दिवस?" मुंबईकरांच्या आदरातिथ्याविषयी बाहेरगावच्यांनी पुष्कळ कुचेष्टा केली आहे. ज्या घरात घरधन्यालाच पाय लांब करण्यास जागा नाही, त्या घराने वर्षानुवर्षे गावाकडचा माणूस कसा सामावला याचे आश्चर्य मात्र थोड्यांनी व्यक्त केले.

ज्यांना नातेवाईक नव्हते, किंवा असूनही त्यांचा भार होऊ नये असे वाटे, त्यांच्यासाठी खाणावळी निघाल्या. खाणावळ हे शहराचे अपत्य आहे. पैसे देऊन अन्न घेणे हे गावात कमीपणाचे, शहरात सोयीचे. तथापि पैसा आला म्हणून जात गेली नाही. ब्राह्मणांची खाणावळ, मराठ्यांची खाणावळ असे भेद असत, आणि पाटीवर नसले तरी पंगतीत ते कळत. खाणावळीलाच वर दोन खोल्या जोडल्या की तिचे लॉजिंग-बोर्डिंग होई; खोली परवडत नसेल तर नुसती एक कॉट घ्यावी, ट्रंक तिच्याखाली सरकवावी.

गिरणगावात हीच सोय वेगळ्या रूपाने उभी राहिली. कोकणातील वा घाटावरील एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी आडवा होई. गावचा मनुष्य चार दिवसांच्या कामासाठी आला तर तो याच खोलीवर उतरे, आणि त्याला तेथे नाही म्हणण्याचा अधिकार कोणा एकास नसे. जेवण खाणावळवाल्या बाईंकडे. या बायका गिरणी कामगारांचीच कुटुंबे होती, आणि त्यांच्या चुलीवर गिरणगाव जगले. त्यांची संघटना व्हावयास मात्र १९७५ साल उजाडावे लागले. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले.

गोव्याचा उल्लेख आला तेव्हा 'कुडीं'विषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण आमच्या मते अल्पकाळच्या मुक्कामाची याहून सुबक योजना मुंबईत दुसरी झाली नाही. कोंकणीत कूड म्हणजे खोली. गोव्याच्या ख्रिस्ती गावांनी धोबीतलाव, काव्हेल, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या नावे जागा घेतल्या. सभासद म्हणजे त्या गावचे. पुष्कळसे जहाजांवरील खलाशी व आचारी, काही वाद्यवादक. एक बोट सुटून दुसरी मिळेपर्यंतचे दिवस कुडीत काढावयाचे. भिंतीलगत पेट्यांच्या रांगा, एका टोकास वेदी, रात्री सर्वांनी मिळून तेर्स म्हणावयाचा, आणि गावच्या संताचा सण मुंबईतही पाळावयाचा. वर्गणी अल्प. इंग्रजीत यांना क्लब म्हणत, पण क्लब या शब्दाने जे सुखासीन चित्र डोळ्यांपुढे येते त्याचा येथे लवलेश नव्हता. गाव जणू पेटीत भरून मुंबईस आणलेला होता. अर्थात ज्याचा गाव नाही त्याला कूड नाही, हेही खरेच.

बड्या हॉटेलांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, म्हणून आम्ही तो थोडक्यात आटोपतो. ओतीव लोखंडाचे सुटे भाग विलायतेत घडवून येथे जोडलेले वॉटसनचे हॉटेल १८७१ साली सुरू झाले. १८९६ च्या ७ जुलै रोजी ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे हिंदुस्थानात प्रथम तेथेच दाखविण्यात आली. ताजमहाल हॉटेल १९०३ सालचे. वॉटसनमध्ये जमशेटजी टाटांना प्रवेश नाकारला म्हणून त्यांनी ताज बांधले, ही कथा चवीने सांगितली जाते. तिच्यावर विसंबून इतिहास लिहिता येत नाही. ताजच्या आराखड्यात सीताराम खंडेराव वैद्य या मराठी वास्तुविशारदाचा मुख्य हात होता, ही गोष्ट मात्र खरी असून तितक्या चवीने सांगितली जात नाही.

या दोन टोकांच्या मध्ये, म्हणजे चाळीतील गॅलरी आणि अपोलो बंदरावरील घुमट यांच्या मध्ये, मध्यमवर्गीय मराठी उतारूचे खरे जग होते, आणि त्याचे सर्वात मोठे नाव म्हणजे क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह. लोकमान्य टिळकांचे मुंबईत स्वतःचे घर नव्हते. ते येत ते सरदारगृहात उतरत. त्यामुळे ते केवळ उतारूंचे ठिकाण न राहता राजकारणाची बैठक बनले. जुलै १९२० मध्ये ते असेच कामानिमित्त मुंबईस आले, आजारी पडले, आणि १ ऑगस्टला पहाटेपूर्वी तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या पुरुषास सारा देश आपला म्हणत होता, त्याने शेवटचा श्वास भाड्याच्या खोलीत घेतला. सकाळपासून त्या इमारतीखाली जो समुदाय लोटला तो चौपाटीपर्यंत गेला.

राष्ट्रीय सभेच्या जन्मकथेतही मुक्कामाचा प्रश्न डोकावतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही. १८८५ चे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. पटकीची साथ आल्याने ते आयत्या वेळी मुंबईस हलवावे लागले. परप्रांतांतून येणाऱ्या प्रतिनिधींना उतरविणार कोठे? गवालिया तलावाजवळील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळा व तिचे वसतिगृह व्यवस्थापकांनी मोकळे करून दिले, म्हणून सभा तेथे भरली. विद्यार्थ्यांच्या राहण्याची जागा मिळाली नसती, तर त्या ७२ जणांची सभा कोठे भरली असती कोण जाणे.

मुंबई उत्तरेकडे सरकली तसा उतारूही सरकला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी विजेची गाडी कुर्ल्यापर्यंत धावली, आणि कोर्टाजवळच उतरले पाहिजे ही सक्ती संपली. दोन्ही लोहमार्ग जेथे जवळ येतात ते दादर हळूहळू मराठी उतारूचे दुसरे ठाणे झाले. पुढील हकीकत वाचकांच्या अनुभवातील आहे.

येथवर आम्ही निवडीविषयी लिहिले. पण निवड करण्यास पात्र कोण, हा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला होता. कारण त्याचे उत्तर आमच्याच गावात, बडोद्यात, लिहिले गेले आहे.

सयाजीराव महाराजांनी १९१३ साली दिलेल्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेस गेले, तेथून लंडनला गेले, आणि करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास आले. स्टेशनावर त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हाच, की उतरावे कोठे? हिंदूंच्या विशा त्यांना ठाऊक होत्या. जात लपविल्याशिवाय तेथे प्रवेश मिळणार नाही, आणि लपविलेली जात उघडकीस आली तर काय होईल, हेही ठाऊक होते. अमेरिकेत भेटलेले मित्र गावात होते. पण दारात गेल्यावर त्यांना संकोच वाटला तर? कॅम्पात पारशांची एक सराई असल्याचे त्यांनी ऐकले होते. टांगा तिकडे वळला.

ती दुमजली सराई होती. खाली एक वृद्ध पारशी रखवालदार राहत असे. पाहुण्याच्या अंगावर सदरा-कस्ती नाही हे त्याला दिसले. ही जागा केवळ पारशांसाठी आहे, असे त्याने सांगितले. परंतु सराईत एकही उतारू नव्हता आणि त्याला मिळकतीची गरज होती. तडजोड निघाली ती अशी की, वहीत पारशी नाव लिहावयाचे आणि राहण्या-जेवण्याचा रोजचा दीड रुपया द्यावयाचा. वर एक लहानशी खोली. बाकीचा दिवाणखाना फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या अशा अडगळीने भरलेला. विजेचा दिवा नव्हता. रात्री रखवालदार एक कंदील आणून देई, आणि त्या एकाकी प्रकाशात पुस्तक वाचीत झोप येईतो बसावयाचे. हे सर्व बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेविले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे ते आत्मकथन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. १९९० साली ते पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. विष्णुभटांच्या प्रवासवृत्तातून जी बाजू सुटली असे आम्ही वर म्हटले, ती येथे पुढे लिहिली गेली.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघाले असता डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. सराई बाटविल्याचा आरोप झाला. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. सरकारी बंगल्यासाठी दिवाणांकडे त्यांनी अर्ज केलेला होता, त्याचा निर्णय लागला नव्हता. एका हिंदू मित्राने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने सांगितले की पत्नी उद्या परत येणार, तिला विचारले पाहिजे. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले पाच तास त्यांनी कामाठीबागेत काढले, आठच्या सुमारास सराईतून सामान उचलले, आणि बडोदे सोडले. त्या रात्री त्यांच्यापुढे जो उतारा उरला तो परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतील आपल्याच कुटुंबाच्या दोन खोल्यांचा.

सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण १९०६ साली साऱ्या राज्यात चालू करणारे, वाचनालयांचे जाळे विणणारे हे बडोदे. त्याविषयी आम्ही बडोदेकर अभिमानाने बोलतो, आणि बोलावेच. पण संस्थानाने ज्याच्या शिक्षणावर खर्च केला त्याला शहराने अकरा दिवसांहून अधिक छप्पर दिले नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. बागेतील त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात. सराईचा दोष पारशांच्या माथी मारून मोकळे होण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यांनी विशांचा विचार करावा, जेथे जाऊन पाहण्याचेही बाबासाहेबांच्या मनात आले नाही.

धर्मशाळेचे दार उघडावे हा प्रश्न त्यानंतर सार्वजनिक झाला असे नव्हे. तो आधीपासून होता. शाहू महाराजांनी १९१९ साली करवीर राज्यातील सार्वजनिक इमारती, धर्मशाळा व पाणवठे येथे अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेकौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. या ठरावामुळे महाडचे तळे खुले झाले आणि १९२७ चा सत्याग्रह घडला, इतके शाळेतील मुलासही ठाऊक असते. पण ठरावात पाणवठे व विहिरी यांच्या शेजारीच धर्मशाळांचा उल्लेख आहे, इकडे आम्ही शिक्षकही सहसा लक्ष वेधीत नाही. पाणी आणि रात्रीचा आसरा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मागितल्या गेल्या होत्या. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने हॉटेले व उपाहारगृहे खुली केली, आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने धर्मशाळा, सराई व मुसाफिरखाना यांची नावे घेऊन तेथील मज्जाव हा गुन्हा ठरविला.

कायदा येण्याच्या पुष्कळ आधी एका निरक्षर पुरुषाने हे काम आपल्या पद्धतीने आरंभिले होते. गाडगेबाबांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावे धर्मशाळा बांधली, कारण चोखोबाच्या जातीचा वारकरी पंढरीत उघड्यावर निजत असे. १९४९ साली ती वास्तू त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कामाठीबागेत पाच तास बसलेल्या मनुष्याच्या हाती एक धर्मशाळा आली, हा योग इतिहासानेच जुळविला. आम्ही त्यात भर घालीत नाही. १९५६ च्या डिसेंबरात दोघेही चौदा दिवसांच्या अंतराने गेले.

तीर्थक्षेत्रांनंतर बाबांचे लक्ष रुग्णालयांकडे वळले होते. मुंबईत रोगी आत खाटेवर, आणि त्याची माणसे बाहेर पदपथावर, हे त्यांनी पाहिले होते. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाल्यापासून देशाच्या कानाकोपऱ्यातून लोक तेथे येतात, आठवड्यासाठी म्हणून येतात आणि महिना राहतात. बाबांच्या नावाने चालणारी दादरची धर्मशाळा याच लोकांसाठी आहे. गेल्या काही वर्षांत आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांस तेथे राहण्याचा प्रसंग आला. परत आल्यावर भेटावयास गेलो, तेव्हा सवयीप्रमाणे आमच्या तोंडून प्रथम तोच प्रश्न गेला, की कोठे उतरला होता? "गाडगेबाबांकडे," असे त्यांनी सांगितले, जणू एखाद्या नातलगाचे नाव सांगावे तसे.